आकड्यांचं पिशाचमोचन

उणे १२७ अंश सेल्सिअस एवढी थंडी पृथ्वीवर आजवर कुठेही पडलेली नाही. अंटार्क्टिकावरच्या व्होस्टोक केंद्रात २१ जुलै १९८३ रोजी तापमान उणे ८९.२ पर्यंत उतरलं होतं, आणि विक्रमांच्या यादीत ते अजून तळाशी बसून आहे. काशीतल्या आमच्या ब्रह्माघाटावरच्या गच्चीने तो विक्रम मे महिन्यात, भर दुपारी, अडतीस अंशांच्या फरकाने मोडला. त्या वेळी मावशी त्याच गच्चीवर कुरडया वाळत घालत होती. ‘मावशी, मघाशी थंडी वाजली का गं?’ असं भाच्याने विचारल्यावर तिने त्याला आधी सावलीत बसवलं आणि मग कांद्याचा रस काढायला घेतला.

गच्चीवर यंत्रं बसवण्याचा उद्योग या भाच्याचाच. तो इथे इंजिनिअरिंगला आहे, म्हणजे कॉलेजात शिकतो आणि प्रात्यक्षिक आमच्यावर करतो. पाण्याच्या टाकीच्या सावलीला एक तापमापी, तिच्या शेजारी हवेतला दमटपणा मोजणारी डबी, जिन्याच्या तोंडाशी धूळ मोजणारं तिसरं प्रकरण, आणि या सगळ्यांचे आकडे फ्रिजवर ठेवलेल्या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरकडे. दर मिनिटाला एक रीडिंग येतं आणि ‘इन्फ्लक्स’ नावाच्या डेटाबेसात जाऊन बसतं. या जातीच्या डेटाबेसला टाइम सिरीज म्हणतात. कोणत्या क्षणी किती, एवढंच तो लिहून घेतो. का, कसं आणि कोणामुळे, या चौकशांत तो पडत नाही. ज्या गावात दोन माणसं भेटली की नेमक्या याच तीन चौकशांनी सुरुवात होते, तिथे हा प्राणी कसा निभावणार याची मला पहिल्यापासून शंका होती.

उणे १२७ चा उलगडा संध्याकाळपर्यंत झाला. तापमान मोजणारा तो चिमुकला सेन्सर, डीएस अठरा बी वीस हे त्याचं शाळेतलं नाव, जागेवर सापडला नाही की त्याच्याशी बोलणारा प्रोग्राम ‘सापडत नाही’ असं न लिहिता ‘उणे १२७’ असं लिहितो. हे तापमान नव्हेच, हा निरोप आहे. पण आकड्याच्या रकान्यात आलेला निरोप आकडा म्हणूनच जमा होतो आणि पुढे आलेखात जाऊन धिंगाणा घालतो. पंचेचाळीस अंशांचा ज्येष्ठ आणि पाच अंशांचा पौष यांच्यात काशीकर मफलरपासून पंख्यापर्यंत वर्षभर झुलत असतो. ते सगळं त्या एका सुळक्यामुळे सपाट झालं. पडद्यावर एक आडवी रेघ आणि मध्येच खाली गेलेला एक खिळा. बाकी वर्षभर काशीत हवामान म्हणून काही घडलंच नाही.

सेन्सर सापडत नव्हता कारण त्याची वायर माकडाने खाल्ली होती. ही तक्रार आमच्या घरापुरती नाही. घाटांवर वायफाय देण्यासाठी ओढलेल्या ऑप्टिकल फायबरच्या तारा इथल्या माकडांनी कुरतडून संपवल्याची बातमी २०१५ च्या एप्रिलमध्ये रॉयटर्सने जगभर पोचवली होती. सरकारी केबल ज्यांनी पचवली त्यांच्यापुढे भाच्याची वीतभर वायर म्हणजे तोंडी लावणं. आणि त्यांना हाकलायचं म्हणाल तर काशीत ते जमत नाही. ती मारुतीची माणसं.

दुसरा लबाड आकडा ८५. दिवे जाऊन आले की तापमान पंच्याऐंशी. हा सेन्सर वीज मिळाल्याबरोबर काही मोजायच्या आत विचारलात तर कारखान्यातून पोटात घालून दिलेला आकडा सांगतो, आणि तो ८५ आहे. दुपारच्या झोपेतून गदागदा हलवून उठवलेल्या माणसाला किती वाजले विचारावं तसं. आमच्या मोहल्ल्यात दिवे किती वेळा जातात याची नोंद वीजवाल्यांकडे असेल-नसेल, आमच्याकडे ८५ मोजून ती चोख मिळते. भाच्याने हे आकडे कचरा म्हणून काढायला घेतले तेव्हा मावशीने त्याला थांबवलं. ‘आधी मला एका कागदावर उतरवून दे. बिल भरायला जाईन तेव्हा दाखवते.’

हे झाले उघड खोटे. पण गच्चीवर असे आकडे येऊ लागले की ज्यांना खोटं म्हणताना जीभ अडखळावी. पौषातल्या एका पहाटे धुकं इतकं दाट की पलीकडची गच्ची दिसत नव्हती, आणि तापमान नवावरून एकदम अडतीसवर. पाच-सहा मिनिटं तिथेच स्थिर, मग पुन्हा नऊ. भाचा वर जाऊन बघतो तर टाकीच्या आडोशाला एक माकडीण सेन्सर पोटाशी धरून बसली होती. सेन्सरची काय चूक? काशीत नऊ अंश होते, माकडिणीत अडतीस. दमटपणा अधूनमधून एकदम नव्याण्णवला जाई. त्याचं कारण मावशीची ओली नऊवारी. आणि धुळीचा आकडा रोज तिन्हीसांजेला, सातच्या ठोक्याला, चारशेच्या पुढे. भाच्याने यावर महिनाभर डोकं खाजवलं. वाहतूक असेल, घाटावरच्या चितांचा धूर वळत असेल, वाऱ्याची दिशा बदलत असेल. शेवटी जिन्याखालच्या देवघरात मावशी त्या वेळी धूप घालते हे त्याच्या लक्षात आलं. प्रदूषण मंडळाची वाराणसीत अर्दली बाजार, भेलूपुर, मलदहिया आणि बीएचयू अशी चार केंद्रं आहेत. तिथला निर्देशांक ५०० वर पट्टी संपते म्हणून तिथेच थांबतो. आमच्या पाचव्या केंद्रात गुग्गुळाच्या दिवशी तेवढ्यावर भागत नाही.

यातलं काय काढायचं? उणे १२७ काढायचं, यावर घरात एकमत झालं. ८५ कागदावर उतरवून मग काढायचं. माकडिणीवर मतभेद झाले. धूप काढायला मावशीने साफ नकार दिला, कारण धूप खरोखर घातला होता.

काढणं हेही वाटतं तितकं सोपं नाही. ‘पंच्याऐंशी अंश लिहिलेलं सगळं काढून टाक’ असं या डेटाबेसला सांगून चालत नाही. आकड्यावरून काढायला तो तयारच होत नाही, त्याला क्षण सांगावा लागतो. म्हणजे आधी खोटा आकडा कुठे आहे ते शोधा, त्याचा मुहूर्त लिहून घ्या आणि मग ‘या मुहूर्तावर जे असेल ते काढ’ अशी आज्ञा करा. मुहूर्तही नॅनोसेकंदांत, एकोणीस आकडी. घटका-पळं-विपळं करणारे आमच्या गल्लीतले भटजीकाका तो एकोणीस आकडी क्षण पाहून म्हणाले, ‘एवढ्या बारकाईने लग्नं लावली असती तर एकही वेळेवर लागलं नसतं.’ त्यातून भाच्याने तापमान आणि दमटपणा एकाच ओळीत लिहायची सोय केलेली. क्षण उडवला की दोन्ही उडतात. खोट्या तापमानापायी त्या मिनिटाचा खरा दमटपणाही गेला. सुक्याबरोबर ओलं जळतं ते असं.

आणि एवढं करून तो आकडा जातो का? नाही जात. भाच्याने जागा वाचवायला तासातासाची सरासरी काढून वेगळ्या खणात ठेवण्याची व्यवस्था केली होती. तासाची साठ रीडिंगं. एकोणसाठ म्हणाली पंचवीस, एक म्हणालं पंच्याऐंशी. सरासरी झाली सव्वीस. मूळ पंच्याऐंशी शोधून उडवलं, पण सरासरीच्या खणातलं सव्वीस तसंच राहिलं. देह गेला, एक अंश मागे राहिला. आता हा एक अंश त्या दिवसाच्या सरासरीत शिरतो, तिथून महिन्याच्या, आणि कोणाला पत्ता लागत नाही. काशीत मेलेल्याला मोक्ष मिळतो अशी जुनी हमी आहे, पण ज्यांना मिळत नाही त्यांच्यासाठी इथे पिशाचमोचन कुंडही आहे. तिथे अडकलेल्यांच्या नावाने त्रिपिंडी श्राद्ध घालतात. भाच्याने त्या रात्री बसून सगळ्या तासांच्या सरासऱ्या पुन्हा काढल्या. मावशीने त्याला विचारलं, ‘काय करतोयस इतक्या रात्री?’ तो म्हणाला, ‘त्रिपिंडी.’

मग त्याने नियम केला. आधीच्या रीडिंगपेक्षा पाच अंशांहून जास्त फरक असेल तर ते रीडिंग दारातच अडवायचं, आत घ्यायचंच नाही. नियम दिसायला सरळ होता आणि दोन आठवडे चालला. मग एका संध्याकाळी बेचाळीस अंशांत आंधी आली. आंधी आली की दिवे जायचे हे ओघाने आलंच. धो धो पाऊस झाला, तासाभराने दिवे आले. सेन्सरने डोळे चोळत ८५ सांगितलं, नियमाने ते हाकललं. नंतर तो शहाण्यासारखा २६ म्हणाला. नियमाने पाहिलं : शेवटचा मान्य आकडा बेचाळीस, हा म्हणतो सव्वीस, फरक सोळा, खोटा! पुढच्या मिनिटाला पुन्हा सव्वीस, पुन्हा खोटा. रात्रभर सेन्सर खरं सांगत होता आणि रात्रभर त्याला दारातून परत पाठवलं जात होतं. आम्ही पांघरुणं घेऊन खिडकीतून येणारे तुषार चुकवत बसलो होतो, फ्रिजवरच्या पडद्यावर बेचाळीस अंश झळकत होते. एकदा स्वतःचं म्हणणं ठरवलं की पुढचं सगळं त्याच्याशी ताडून नाकारायचं, हे करायला कॉम्प्युटर लागतो अशी माझी समजूत नव्हती. आमच्या गल्लीत हाताने करणारे आहेत.

काशीच्या गच्चीवर यंत्र बसवून त्याच्या डळमळण्याने हैराण झालेला भाचा हा पहिला माणूस नव्हे. इथून घाटाघाटाने चालत गेलं तर मानमंदिर घाट लागतो. तिथल्या महालाच्या गच्चीवर जयपूरच्या सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात वेधशाळा उभारली. त्याची तक्रार ऐकली तर भाच्याला सख्खा भाऊ भेटल्यासारखं वाटेल : पितळी यंत्रं आकाराने लहान पडतात, त्यांचे आस झिजतात, ती हलतात, आणि मग वेध चुकतात. त्याने त्यावर रामबाण उपाय केला. यंत्रं दगड-चुन्यात बांधून काढली. झिजायला आस नाही, हलायला जागा नाही, आणि माकडाने खाण्यासारखं त्यात काही नाही. दिवे गेले तर ८५ म्हणत नाही. खोटं रीडिंग काढून टाकण्यापेक्षा ते येऊच नये अशी तजवीज करणारा माणूस. फक्त त्याला त्यासाठी राजा असावं लागलं. त्याच्याही आधी, १६५८ साली, गोदाकाठच्या गोलग्रामाहून काशीत आलेल्या ज्योतिषी घराण्यातल्या कमलाकराने ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ इथेच लिहिला आणि त्यात ध्रुवताराही जागचा हलतो असं नोंदवून ठेवलं. ज्याच्या नावाने अढळपदाच्या गोष्टी सांगितल्या जातात त्यालाच शंकेच्या रकान्यात घालणारा हा मनुष्य मराठी होता, याचा मला उगीच अभिमान वाटतो.

पण आकडा काढून टाकण्याचं खरं धैर्य मी ज्याच्यात पाहतो तो जेम्स प्रिन्सेप. ब्राह्मी लिपी उलगडणारा म्हणून आपण त्याला ओळखतो. त्याआधी १८२० ते १८३० हा माणूस बनारसच्या टांकसाळीत धातूंचा कस लावत होता. तेव्हा शहराची लोकसंख्या म्हणून सर्वत्र सांगितला जाणारा आकडा होता पाच लाख ब्याऐंशी हजार. बिशप हेबर १८२४ साली इथे येऊन गेला, त्यानेही तोच आकडा लिहून नेला. शहराला तो शोभतही होता. प्रिन्सेपने १८२०च्या दशकाच्या अखेरीस नव्याने गणती केली आणि उत्तर आलं एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास. चार लाख माणसं गेली! ना पटकी, ना पूर, कोणाच्या घरी सुतक नाही. ती नव्हतीच. पुढे १८७२ च्या जनगणनेतही आकडा पावणेदोन लाखांच्या घरात निघाला, तेव्हा प्रिन्सेपची मोजणी ठीक होती म्हणायची. बनारसमध्ये राहून बनारसची लोकसंख्या चार लाखांनी कमी करणाऱ्याला इथल्या पानवाल्याने कशी वागणूक दिली असेल, याची मी अनेकदा कल्पना करतो. कारण चुकीचा असला तरी आकड्याला मालक असतो. मोठा आकडा असेल तर पुष्कळ मालक असतात.

याचा प्रत्यय मला नागपूरच्या आत्येने आणून दिला. ३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या स्वयंचलित हवामान केंद्रांपैकी रामदासपेठेतल्या केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं, सोनेगावच्या केंद्राने ५४. त्याच दिवशी खापरी आणि रामटेक ४४ वर होते. जगातला आजचा अधिकृत उच्चांक कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीचा, १९१३ सालचा, ५६.७ अंश. म्हणजे नागपूर पाऊण अंशाने मागे पडलं. हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगून ते दोन्ही आकडे बाजूला काढले. हे अगदी बरोबर झालं. पण आत्येचा फोन आला तो तापलेलाच होता. ‘छप्पन काय म्हणतो, आमच्या स्वयंपाकघरात साठ असन! अन् हे हवामानवाले काहून कमी करून राहिले?’ सेन्सर बिघडला होता असं मी म्हणालो. ‘बारा अंश बिघडते का कुठं? दोन-चार कमी कर म्हणा, पन्नास तरी ठेव!’ आकडा खोटा ठरला म्हणून सोडून द्यायला नागपूर तयार नव्हतं, ते घासाघीस करायला बसलं होतं.

त्याच्या आदल्याच दिवशी, २९ मे रोजी, दिल्लीतल्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ अंश दाखवले होते. देशभर खळबळ उडाली, मंत्रिमहोदयांना खुलासा करावा लागला, खात्याची माणसं प्रमाणित उपकरण घेऊन तिथे गेली आणि निष्कर्ष निघाला की हा सेन्सर सुमारे तीन अंश जास्त दाखवतो. इथे मी जरा थबकतो. उणे १२७ ला कोणी फसत नाही. नागपूरच्या छप्पन्नलाही, आत्या सोडली तर, कोणी फसलं नाही. पण तीन अंश! बावन्न झाले म्हणून माणसं धावली. हाच सेन्सर एखाद्या साध्या एप्रिलात एक्केचाळीसच्या जागी चव्वेचाळीस म्हणाला असता तर ‘यंदा उन्हाळा जरा कडक आहे’ एवढं बोलून आपण पंखा वाढवला असता, आणि तो आकडा वहीत कायमचा घरजावई होऊन राहिला असता. थोडं खोटं बोलणाऱ्याचं फार दिवस निभतं. लिबियातल्या अल अझीझियाच्या १३ सप्टेंबर १९२२ च्या ५८ अंशांचं तसंच झालं. नव्या माणसाने तापमापीतल्या खुणेचं चुकीचं टोक वाचलं, सातएक अंशांची चूक झाली, आणि जगातलं सर्वांत उष्ण ठिकाण म्हणून शाळकरी पोरं तो आकडा पाठ करत राहिली. जागतिक हवामान संघटनेने तो खोडला २०१२ साली. नव्वद वर्षं. तोवर ज्यांनी या प्रश्नाचा एक मार्क मिळवला ते निवृत्तही झाले होते.

बरं, मग शेजाऱ्यांना विचारून ठरवावं? खापरी-रामटेकने नागपूरची अब्रू वाचवली, तसं. भाचा या विचाराने फार खुलला. मी त्याला मुंबईचं उदाहरण दिलं. २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि त्याच शहरात कुलाब्याला पाऊणशे मिलिमीटरही नाही. शेजाऱ्याशी ताडून पाहणाऱ्या कुठल्याही नियमाने सांताक्रूझला वेड्यात काढलं असतं. त्या नियमाला समजावायला कोणाला पाठवायचं? कलिन्याहून गळ्याइतक्या पाण्यातून चालत घरी आलेल्या माणसाला?

आमच्याकडे हा प्रश्न दर पावसाळ्यात गंगेच्या रूपाने येतो. केंद्रीय जल आयोगाचं मोजणी केंद्र राजघाटला आहे. समुद्रसपाटीपासून ७०.२६२ मीटरला इशारा, ७१.२६२ ला धोका. तीन दशांश स्थळांपर्यंत धोका मोजणारं हे गाव एरवी ‘अभी आते हैं’ या वेळेच्या मापावर चालतं. १९७८ च्या सप्टेंबरात पाणी ७३.९०१ पर्यंत चढलं, तो इथला उच्चांक. भाच्याने हौसेने आपला सुधारून घेतलेला नियम या गंगेला लावला, म्हणजे नेहमीच्या वर्षांची पातळी घेऊन वाजवीपेक्षा जास्त ते बाद. नियमाने सगळ्यात आधी काय बाद केलं असेल? १९७८. अर्धं शहर पाण्यात होतं, गल्ल्यांत नावा चालत होत्या आणि नियमाच्या मते ते रीडिंग संशयास्पद. मावशी त्या वर्षी या घरात होती. तिने जिन्याची जी पायरी दाखवली ती संशयास्पद वगैरे मुळीच नव्हती. तिचा दगड अजून खालच्या पायऱ्यांच्या रंगाचा आहे.

घाटावरच्या मल्लाहाला भाचा मोबाइलवर पातळी वाचून दाखवायला गेला. तासाला दोन सेंटिमीटरने वाढतंय वगैरे. मल्लाहाने गंगेकडे मान वळवण्याचीही तसदी घेतली नाही. ‘ई मीटर-वीटर सरकार देखे. हम त सीढ़ी देखीला.’ पायरीची वायर कुरतडता येत नाही हे मान्य. पण मल्लाहाच्या पायऱ्याही गिऱ्हाईक पाहून कमीजास्त होतात. भाडं ठरायचं असलं की पाणी ‘बहुत चढ़ल बा’, आणि पाहुणा घाबरून परत फिरू लागला की तेच पाणी ‘कुछौ नाहीं, गुरु’. सेन्सर निदान पैशासाठी बदलत नाही.

या सगळ्यातून भाच्याने हात आखडता घेतला. आता तो काहीच काढत नाही. प्रत्येक आकड्याशेजारी त्याने आणखी एक रकाना केला आहे, नाव ‘शंका’. आकडा जसा आला तसा राहतो. शंका असेल तर शेजारी खूण आणि जमलं तर कारण. सरासरी काढताना खुणेचे आकडे वगळायचे, पण घराबाहेर घालवायचे नाहीत. जुन्या पेढ्यांच्या चोपड्यांत खाडाखोड चालत नसे, चुकलं तर दुसरी नोंद करून वळतं करत, तसलं काहीसं. रोज रात्री जेवताना तो मावशीला विचारतो, ‘आज गच्चीवर काय होतं?’ मावशी सांगते आणि तो लिहितो. ‘सांडगे.’ ‘नऊवारी, दोन.’ ‘माकडं, सहकुटुंब.’ ‘पतंगाचा मांजा अडकला.’ ‘वाड्यातली सून रडायला आली होती, टाकीला टेकून बसली.’ हा शेवटचा मजकूर दमटपणाच्या रकान्यासमोर का, असं मी विचारलं नाही.

आकड्यांपेक्षा हा रकानाच गल्लीत जास्त वाचला जातो. त्यामुळे भटजीकाकांना यंत्राची पुन्हा आठवण झाली आणि ते एका थंडीच्या सकाळी उपरणं गुंडाळत वर आले.

‘अरे, रात्रीचं कमीत कमी किती आलं तुझ्याकडे?’

‘पाच पॉइंट एक, काका.’

काका खाली बसले. त्यांनी चौखंभ्याच्या मलइयोवाल्याशी पैज लावली होती. मलइयो म्हणजे थंडीतली दुधाच्या फेसाची मिठाई. पारा पाचापर्यंत उतरला तर महिनाभर मलइयो फुकट, नाही तर काकांनी त्याच्या दुकानाची वास्तुशांत दक्षिणा न घेता करायची.

‘ते वरचं पॉइंट एक काढ.’

‘कसं काढू? बरोबर आहे ते. रात्री दिवे गेले नाहीत, माकड नव्हतं, मावशीने काही वाळत घातलं नव्हतं.’

‘मग काढू नको,’ काका समजूतदारपणे म्हणाले. ‘तुझा तो शंकेचा रकाना आहे ना, त्यात खूण कर.’

‘पण शंका कोणाला आहे?’

‘मला आहे की! लिही माझं नाव.’